ट्रॅक्टर इंजिनाची दैनंदिन तपासणी

ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडल्यास जमिनीतील वाफसा निघून जातो. इंजिनातील अनेक मोठ्या बिघाडांची पूर्वसूचना मात्र सकाळच्या काही मिनिटांच्या तपासणीत मिळू शकते.

वंगण तेल : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी व तेलाची पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या दरम्यान असावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. तेल न घालता पातळी वाढली असेल व डिझेलचा वास येत असेल, तर इंधन तेलात उतरत असण्याची शक्यता असते. पातळ झालेल्या तेलामुळे बेअरिंग लवकर झिजतात. म्हणून दोन्ही प्रसंगी इंजिन सुरू न करता तंत्रज्ञास दाखवावे.

हवा : ऑइल बाथ एअर क्लीनरच्या वाटीत तेल खुणेपर्यंत असावे, तळाशी गाळ साचल्यास वाटी धुऊन तेल बदलावे. मळणीच्या दिवसांत ही तपासणी अधिक वेळा करावी. धूळ आत गेल्यास लायनर व पिस्टन रिंगा झिजतात.

पाणी : इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, दाबाखालील उकळते पाणी उसळून गंभीर भाजते. जाळीत अडकलेले भुसकट काढावे.

धूर : सतत काळा धूर येणे हे बहुधा हवेची कमतरता वा अतिभाराचे, तर निळा धूर वंगण तेल जळत असल्याचे लक्षण होय.