सरकलेली गादी: शस्त्रक्रियेच्या साठ वर्षांचा मागोवा

झिजलेल्या मणक्यांची व्यथा पुरातन असली, तरी तिच्यावर शस्त्र चालविण्याचा आधुनिक अध्याय उघडला तो १९३४ साली, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील विल्यम जेसन मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन शल्यविशारदांच्या निबंधाने. पाठीच्या कण्यातील पोकळीत सापडणाऱ्या कूर्चेच्या गाठी तोवर अर्बुदे समजून काढल्या जात. परंतु या दोघांनी रुग्णालयाच्या दप्तरी जपलेले जुने नमुने पुनश्च सूक्ष्मदर्शकाखाली घातले, तेव्हा ज्यांवर अर्बुदाची नोंद होती त्यांपैकी बहुतेक दोन मणक्यांमधील गादीचेच फाटून बाहेर आलेले तुकडे आहेत, असा उलगडा झाला. मांडीच्या मागून पोटरीत आणि तेथून पावलापर्यंत उतरणाऱ्या सायटिकेच्या कळेचे एक कारण असे हाती लागले, आणि नस दाबणारा तुकडा काढताच पाय हलका होतो, याचा प्रत्ययही येऊ लागला.

पायाची कळ आणि कंबरेची ठणक यांतील भेद मात्र पुढील काळात सर्वत्र पाळला गेला नाही. पायाच्या कळेवर गुणकारी ठरलेली शस्त्रक्रिया निव्वळ कंबरदुखीवरही लागू पडेल, या आशेने कित्येकांच्या पाठी उघडल्या गेल्या, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक प्रकरण तेच होय. होनोलुलूचे राल्फ क्लॉवर्ड यांनी चाळीसच्या दशकात गादी काढून तिच्या जागी हाडाचे कलम बसविण्याची रीत सुरू केली. पुढे मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईत राहून तिचा पुरस्कार केला. पपईच्या चिकातील द्रव्य टोचून गादीचा गाभा विरघळविण्याचा लायमन स्मिथ यांचा साठच्या दशकातील प्रयोगही मोठ्या अपेक्षेने उचलला गेला. अमेरिकन सरकारची मंजुरी त्यास १९८२ मध्ये मिळाली, पण काहींना झालेल्या तीव्र ॲलर्जीमुळे आणि मज्जारज्जूस पोहोचलेल्या इजेमुळे तो मागे पडला. कण्याच्या पोकळीत स्टेरॉइड टोचण्याचा, पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी रूढ होऊ लागलेला उपाय टिकला खरा. तथापि त्याचा आराम बहुधा काही आठवड्यांच्याच मुदतीचा असतो.

खरा निवाडा ऑस्लो येथे हेन्रिक वेबर यांनी मांडला. ज्यांच्या बाबतीत शस्त्रक्रिया करावी की न करावी हे निश्चित सांगता येत नव्हते, अशा १२६ रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली आणि दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा करून १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण स्पष्टपणे अधिक सुखी होते. चार वर्षांनंतर मात्र दोन्ही गटांत निर्णायक अंतर उरले नव्हते. म्हणजे शस्त्राने यातनेचा काळ आखूड होतो. आणि ज्याला दिवसभर उभे राहून पोट भरावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने ही प्राप्ती थोडी नव्हे.

पुढे एमआरआय आले, आणि प्रत्येक चित्रात झीज दिसू लागल्याने भय वाढले. १९९४ मध्ये मॉरीन जेन्सन व सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांची चित्रे तपासली असता, सर्व गाद्या निर्दोष असलेले जेमतेम ३६ टक्के निघाले. निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली होती. तेव्हा चित्रावरून नव्हे, तर रुग्णाची कैफियत ऐकून, त्याला उताणे निजवून, गुडघा न वाकविता पाय उचलून, कळ नेमकी कोठे उतरते हे पाहूनच शस्त्राचा विचार व्हावा, हे पुन्हा पटले. यास एक अपवाद आहे, आणि तेथे दिरंगाई बिलकूल चालत नाही: कंबरेच्या दुखण्यासोबत लघवी तुंबली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर दुसरा दिवस उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.