पानथरी वाचवणारी तार

प्लीहा, म्हणजे गावाकडची पानथरी, पोटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. निरोगी प्रौढात तिचे वजन साधारण 150 ग्रॅम. जुन्या तांबड्या पेशी ती गाळून काढते आणि न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातच पकडते. मऊ आणि रक्ताने भरलेली असल्यामुळे जोराचा मार बसला की ती फाटते. नांदेड-लातूर भागात त्याला दुचाकीचा अपघात, उसाच्या ट्रॉलीवरून पडणे किंवा बैलाने पोटात मारणे एवढे पुरते.

पूर्वी फाटलेली प्लीहा सरळ काढून टाकत. जीव वाचे, पण 1952 मध्ये किंग आणि शूमाकर या शल्यचिकित्सकांनी प्लीहा काढलेल्या बाळांमध्ये जीवघेणे जंतुसंसर्ग होत असल्याचे दाखवून दिले. तेव्हापासून ती शक्यतो राखायची असा विचार रुजला. धमनी आतून बंद करण्याची पद्धत, एम्बोलायझेशन, याच विचाराला बळ देणारी ठरली. 1973 मध्ये मॅडिसन यांनी ती वाढलेल्या प्लीहेसाठी वापरली. 1981 मध्ये स्क्लाफानी यांनी अपघाताच्या रुग्णांवरील वापर मांडला.

पोट उघडावे लागत नाही. जांघेत किंवा मनगटाशी जागा बधिर करून धमनीत दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक नळी सरकवतात. हृदयाच्या अँजिओग्राफीमुळे ही पद्धत आता अनेक घरांना माहीत आहे. प्लीहेची धमनी नागमोडी असते, त्यामुळे नळी पुढे नेण्यात खरे कसब लागते. रंगद्रव्य सोडले की पडद्यावर गळती डागासारखी दिसते. मग प्लॅटिनमच्या केसासारख्या तारा सोडतात. आत जाताच त्या वेटोळे घेतात, त्यांवर रक्त गोठते आणि वाट बंद होते. एकच फांदी फुटली असेल तर तेवढीच बंद करतात. जखमा अनेक असतील तर मुख्य धमनीत तार बसवतात. कालव्याचे दार बंद केले तरी आजूबाजूच्या चाऱ्यांनी शेताला थोडे पाणी मिळत राहावे, तसे जठराकडच्या लहान धमन्यांतून प्लीहेला रक्त मिळते. आतला दाब मात्र उतरतो आणि जखम भरते.

यकृताच्या जुनाट आजारात प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. तेथे बारीक कण सोडून प्लीहेचा 50 ते 70 टक्के भागच निकामी करतात. एका दमात त्याहून जास्त केले तर गळू होण्याचा धोका वाढतो. नंतर काही दिवस ताप आणि डाव्या कुशीत दुखणे बहुधा असतेच. धमनीला आलेला फुगाही असाच बंद करता येतो. हा फुगा स्त्रियांत अधिक आढळतो आणि गरोदरपणात फुटला तर फार घातक ठरतो.

किनवट-माहूर भागातल्या सिकलसेलच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्या प्लीहेत अचानक रक्त साठते, तेव्हा पहिला उपचार रक्त देणे हाच. आईवडिलांना पोट चाचपून वाढलेली प्लीहा ओळखायला शिकवावे, हे फार मोलाचे.

अपघातात मात्र निर्णय रक्तदाबावर ठरतो. तो टिकून असेल तर सीटी स्कॅन, निरीक्षण आणि गरजेप्रमाणे एम्बोलायझेशन. रक्त आणि सलाइन देऊनही तो घसरत असेल तर तारेच्या आशेने हैदराबाद किंवा पुण्याची वाट धरू नये. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख संस्था, जवळच्या रुग्णालयात लगेच शस्त्रक्रिया हाच योग्य मार्ग. प्लीहा काढावीच लागली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्यात.

पोटाला मार बसल्यावर डाव्या खांद्यात कळ येऊ लागली, घाम फुटला किंवा भोवळ आली, तर वेदनाशामक गोळी घेऊन घरी थांबू नका. प्लीहा काही दिवसांनीही फुटू शकते.