बॉस्टनचा विजेता, चेरांगानीचा खासदार

सणाच्या दिवशी सायंकाळी देवळासमोरच्या पटांगणात मुलांच्या धावण्याच्या शर्यती लागतात, तेव्हा लहानथोर सारे कडेने दाटीने उभे राहतात. शिट्टी होताच एखादा मुलगा असा काही सुसाट सुटतो की, पहिल्या फेरीच्या टाळ्या सर्व त्यालाच मिळतात. तिसऱ्या फेरीला मात्र त्याची पावले जड होतात, आणि आरंभी कोणाच्या ध्यानीमनीही नसलेला दुसराच एखादा सावकाश पुढे येतो. संत पौलाने करिंथच्या भाविकांस पत्र लिहिताना ख्रिस्ती आयुष्यास शर्यतीची उपमा दिली, ती उगीच नव्हे. करिंथजवळच इस्थमियन खेळांचे मेळे भरत असत. धावपटूचा संयम म्हणजे काय, हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

वाचकहो, आज आम्ही आपणांस अशा एका गृहस्थाची ओळख करून देणार आहोत की, ज्याने हा संयम एकाच वेळी दोन मैदानांवर पाळण्याचा यत्न केला. एक मैदान बेचाळीस किलोमीटरांच्या मॅरेथॉन दौडीचे आणि दुसरे लोकसेवेचे. त्यांचे नाव वेस्ली कोरीर. आफ्रिका खंडातील केनिया देशाचे ते रहिवासी. २०१२ साली त्यांनी बॉस्टनची जगद्विख्यात मॅरेथॉन जिंकली आणि पुढच्याच वर्षी ते आपल्या देशाच्या संसदेत निवडून गेले. आपल्याकडे आमदार-खासदार म्हटले की मोटार, हारतुरे आणि मागेपुढे माणसे असे चित्र डोळ्यांपुढे येते. पहाटे उठून मैलोगणती धावणारा आणि मग लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यास बसणारा लोकप्रतिनिधी विरळाच.

केनियाच्या पश्चिम भागात ट्रान्स-न्झोइया नावाचा परगणा आहे. एका बाजूस माउंट एल्गन हा प्रचंड पर्वत, दुसऱ्या बाजूस चेरांगानीच्या डोंगररांगा, आणि मध्ये मक्याची विस्तीर्ण शेते. आपल्याकडे भाकरीवाचून जेवण नाही, तसे तेथे मक्याच्या पिठाच्या उगालीवाचून जेवण नाही. किटाले हे तेथील मुख्य गाव. ह्या मुलखात १९८२ साली कोरीर ह्यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला. बालपणीच त्यांच्यावर एक दुःखद प्रसंग ओढवला. त्यांच्या भावास विषारी साप चावला. इस्पितळ दूर, वाहनाची सोय नाही. वेळेवर उपचार न मिळाल्याने तो मुलगा दगावला. आपल्या खेड्यापाड्यांतील वाचकांस हा प्रसंग अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळ्याच्या रात्री खाटेवर घालून रुग्णास सडकेपर्यंत नेल्याच्या आठवणी कित्येक घरांत आहेत. कोरीर ह्यांच्या मनात मात्र ते दुःख नुसते दुःख म्हणून राहिले नाही. आपल्या गावास दवाखाना हवा, ही ओढ त्यातून त्यांना लागली.

ह्या डोंगराळ प्रदेशास धावपटूंची खाणच म्हणतात. उंचावरील विरळ हवा, कष्टाची सवय आणि शाळेसाठी करावी लागणारी पायपीट ही त्याची कारणे सांगितली जातात. परंतु त्यात आपल्या कॅथोलिक धर्मबंधूंचाही वाटा आहे, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. चेरांगानीच्या डोंगरांपासून फार दूर नसलेल्या इटेन गावी पॅट्रिशियन बंधुसंघाची संत पॅट्रिक शाळा आहे. तेथे १९७६ साली आयर्लंडहून ब्रदर कॉल्म ओ'कॉनेल भूगोल शिकवावयास आले. शिकविता शिकविता त्यांनी मुलांस धावण्याचे शिक्षण दिले, आणि ऑलिंपिकमध्ये दोन वेळा सुवर्णपदक मिळविणाऱ्या डेव्हिड रुडिशासारखे शिष्य घडविले. कोरीर हे त्यांचे शिष्य नव्हेत. पण चांगल्या पायांस शिक्षणाची जोड मिळाली तर गरिबाच्या मुलास जगाचे दार उघडते, हा विश्वास त्या सर्व मुलखात रुजला होता. कोरीर ह्यांनाही धावण्याच्या गुणावरच अमेरिकेत शिक्षण घेण्याची संधी लाभली. केंटकी राज्यातील लुइव्हिल विद्यापीठातून त्यांनी जीवशास्त्राची पदवी घेतली.

पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांच्या आयुष्यास वळण देणारी घटना घडली. २००७ च्या डिसेंबरात केनियात निवडणूक झाली आणि निकालावरून जमातीजमातींत भयंकर दंगली उसळल्या. अकराशेहून अधिक माणसे मारली गेली, आणि लक्षावधी लोक घरादारास मुकले. एल्डोरेट शहराजवळच्या कियांबा येथे तर प्राण वाचविण्यासाठी एका देवळात आश्रय घेतलेल्या बायामुलांस आत जिवंत जाळण्यात आले. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले लुकास सांग हेही त्याच भागात मारले गेले. कोरीर त्या वेळी घरी आले होते. शेजारी शेजाऱ्यावर कसा उठतो, हे त्यांनी जवळून पाहिले, आणि अखेर युगांडामार्गे कसाबसा देश सोडून ते अमेरिकेस परतले. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या लोकांनी ख्रिस्ती लोकांवर शस्त्र उगारावे, ह्याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? राजकारण वाईट माणसांच्या हाती सोपवून भल्या माणसांनी नुसते हळहळत बसावे काय, हा प्रश्न तेथून पुढे त्यांच्यापुढे उभा राहिला असल्यास नवल नाही.

तूर्त मात्र पोटाचा प्रश्न होता. विद्यापीठाच्या देखभाल-दुरुस्ती खात्यात ते नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात धावत. २००८ साली शिकागोच्या मॅरेथॉनमध्ये त्यांस नामांकित धावपटूंच्या तुकडीत जागा मिळाली नाही. मोठी मंडळी पुढे सुटली, आणि पाच मिनिटांनंतर हजारो हौशी धावकांबरोबर कोरीर सुटले. सोबतीस तोडीचा कोणी नाही, पुढचे कोणी दिसत नाहीत, अशा स्थितीत ते आपल्या गतीने धावत राहिले. वेळ मोजली तेव्हा दोन तास तेरा मिनिटे त्रेपन्न सेकंद भरली. एकंदर धावकांत ते चौथे आले होते! पंगतीत मानाचे पान मिळाले नाही म्हणून रुसून उठून जाणारी माणसे आपण पुष्कळ पाहतो. कोरीर रुसले नाहीत. पुढे २००९ आणि २०१० अशी दोन वर्षे त्यांनी लॉस एंजेलिसची मॅरेथॉन जिंकली.

आता बॉस्टनच्या दौडीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. ही शर्यत १८९७ पासून चालू आहे. हॉपकिंटन गावापासून बॉस्टन शहरापर्यंतचा तिचा मार्ग मोठा फसवा. आरंभी उतार लागतो; धावक मोहात पडून वेग वाढवितो. पुढे अर्ध्याहून अधिक अंतर संपले, पाय थकले, की न्यूटनचे चढ एकामागून एक सुरू होतात. आरंभीच्या उधळपट्टीचा हिशेब तेथे चुकता करावा लागतो. १६ एप्रिल २०१२ रोजी त्यात ऊन्हाची भर पडली. तेथील एप्रिल म्हणजे थंडीचे दिवस. पण त्या दिवशी उष्णता तीस अंश सेल्सिअसच्या वर गेली. ज्यांस भीती वाटत असेल त्यांनी पुढच्या वर्षी यावे, असे खुद्द आयोजकांनी सांगितले. आदल्या वर्षी दोन तास तीन मिनिटांत ही शर्यत जिंकणारे जेफ्री मुताई ह्यांस ह्या वेळी शर्यत अर्धवट सोडावी लागली. लेव्ही मातेबो नावाचे धावपटू बरेच पुढे निघून गेले होते. कोरीर मागे होते. त्यांनी घाई केली नाही. पाणी पीत, शक्ती राखीत ते एकेकास गाठीत गेले, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात मातेबोंनाही मागे टाकून दोन तास बारा मिनिटे चाळीस सेकंदांत अंतिम रेषेवर पोचले. आदल्या वर्षीच्या विजेत्याहून ही वेळ साडेनऊ मिनिटांहून अधिक, म्हणजे अगदीच संथ. परंतु त्या दिवशीचे ऊन ओळखून धावणारा तोच एक शहाणा ठरला.

कोरीर हे श्रद्धाळू ख्रिस्ती. आपले पाय ही देवाने दिलेली ठेव आहे आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो, अशा वृत्तीने ते वागत आले. स्वतः धावपटू असलेल्या आपल्या कॅनेडियन पत्नीसह त्यांनी केनियन किड्स फाउंडेशन ही संस्था काढून आपल्या मुलखातील मुलांच्या शिक्षणाचे व आरोग्याचे काम हाती घेतले होते. येथे थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. परदेशात राहावे, गावाकडे पैसे पाठवावेत, सुट्टीत येऊन सत्कार घ्यावेत. पुष्कळांचा क्रम हाच असतो. कोरीर ह्यांनी त्याहून अवघड मार्ग धरला.

केनियाने २०१० साली नवी राज्यघटना स्वीकारली, आणि पक्षाच्या आधारावाचून अपक्ष म्हणून उभे राहण्याची वाट तिने मोकळी केली. ४ मार्च २०१३ रोजी झालेल्या निवडणुकीत कोरीर चेरांगानी मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले आणि विद्यमान खासदाराचा पराभव करून निवडून आले. मोठमोठ्या पक्षांच्या लाटेत अपक्ष म्हणून तरलेले उमेदवार त्या वेळी मोजकेच होते. सहा आठवड्यांनी, १५ एप्रिल रोजी, हे नवे खासदार पुन्हा बॉस्टनच्या मार्गावर धावत होते! ते पाचवे आले. त्याच दुपारी अंतिम रेषेजवळ बाँबचे दोन स्फोट होऊन तिघांचा बळी गेला आणि अडीचशेहून अधिक लोक जखमी झाले. द्वेषाची आग केवळ गरीब देशांतच भडकते असे नाही, हे त्या दिवशी सर्व जगाने पाहिले.

खासदारकीच्या मुदतीत त्यांनी धावणे सोडले नाही. २०१५ साली बॉस्टनला ते पुन्हा पाचवे आले, २०१६ साली चौथे. केनियातील धावपटूंची संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला, कारण परदेशी शर्यती जिंकणाऱ्या अडाणी पोरांस दलाल आणि अधिकारी कसे नाडतात, हे त्यांनी पाहिले होते. उत्तेजक औषधे घेऊन शर्यती जिंकण्याच्या लबाडीमुळे केनियाचे नाव बदनाम होत होते. तिला आळा घालणारा कायदा त्या देशाच्या संसदेने २०१६ साली संमत केला, तेव्हा कोरीर त्याच सभागृहाचे सभासद होते. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनसाठी केनियाने निवडलेल्या तिघांत त्यांचे नाव होते. चौतिशीकडे झुकलेला खासदार देशाचे रंग अंगावर घालून ऑलिंपिकमध्ये उतरला! सुवर्णपदक त्यांचे सोबती एलियुड किपचोगे ह्यांस मिळाले. कोरीर ह्यांस ती शर्यत पुरी करता आली नाही.

आणि दुसरी शर्यत? २०१७ च्या निवडणुकीत चेरांगानीची जागा २०१३ साली पराभूत झालेल्या त्याच खासदाराकडे परत गेली. कोरीर ह्यांची खासदारकी एका मुदतीचीच ठरली. हे वाचून काहींस वाटेल की, मग एवढ्या खटाटोपाचे फळ काय? आम्ही ही गोष्ट लपवीत नाही, कारण आमच्या मते तीच ह्या चरित्राचा गाभा आहे. रिओत शर्यत अर्धी राहिली, म्हणून बॉस्टनचे यश खोटे ठरत नाही. पुढे जागा गेली, म्हणून ती वर्षे वाया गेली असेही नव्हे. शिवाय केनियात, आपल्याकडच्यासारखेच, लोकप्रतिनिधीकडून शाळेच्या फीपासून मयताच्या खर्चापर्यंत सर्व काही मागितले जाते. मागणाऱ्याचे समाधान करणे आणि सर्वांच्या भल्याचे काम करणे ह्या दोन गोष्टी नेहमी एकाच वाटेने जात नाहीत. अशा ठिकाणी निवडून येण्यापेक्षा हात स्वच्छ राखून बाहेर पडणे अधिक कठीण असते. लोकांनी दिलेली जागा ही लोकांची. ती परत मागितली गेली तर सुखाने परत करावी, आणि सेवा मात्र सोडू नये.

प्रिय कुटुंबांनो, ही दूरदेशची कथा आम्ही सांगितली ती करमणुकीसाठी नव्हे. आपली ख्रिस्ती घरे गावोगाव थोडी, आणि म्हणूनच ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आपल्यांतील शहाणी माणसे म्हणतात, "तो चिखल आहे, आपण त्यात पाय घालू नये." मग रस्ता होत नाही, दवाखान्यात डॉक्टर येत नाही, आणि आपण दोष मात्र दुसऱ्यास देतो. चिखलात उतरल्यावाचून शेत लागत नाही, हे आपणा शेतकऱ्यांस कोणी शिकवावयास हवे काय? दुसरीकडे आपली कर्तबगार मुले आखातात, इंग्लंडात, पोर्तुगालात जातात. त्यांनी जावे, घराचा भार उचलावा. परंतु ज्या गावाच्या पाण्यावर आणि ज्या देवळाच्या पायरीवर आपण वाढलो, त्याचे आपण काही देणे लागतो, हे त्यांच्या कानी लहानपणापासून घालणे हे आईबापांचे काम आहे. रात्री रोझरी झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे एक बोलणे काढावे, अशी आमची विनंती आहे.

सर्वांसच संसदेत जावयाचे नाही की बेचाळीस किलोमीटर धावावयाचे नाही. कोणी शाळेच्या समितीवर बसेल, कोणी सोसायटीचा हिशेब चोख ठेवील, कोणी आजाऱ्यास इस्पितळात नेण्यासाठी रात्री आपली गाडी काढील. पहिल्या फेरीच्या टाळ्यांनी हुरळू नये, आणि मागे पडलो म्हणून पटांगण सोडू नये. आपल्या वाट्याचे अंतर आपण नेटाने तोडावे. बक्षीस कोणास द्यावयाचे, हे ठरविणारा अंतिम रेषेवर उभा आहे, आणि त्याची नजर शेवटच्या धावकावरही असते.