खिशातल्या स्वस्त अवजाराचा कस कसा पाहावा?

पक्कड, पाते, पेचकस, डबा उघडणी, छोटी करवत आणि कानस हे सारे एकाच मुठीत मावणारे घडीचे अवजार आता काहीशे रुपयांत मिळते. भोपाळच्या जुन्या शहरातील लोहा बाजार असो वा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, ‘मल्टी-टूल’ या नावाने ते सहज विकले जाते. वेष्टनावर ‘स्टेनलेस स्टील’ आणि ‘पंधरा कामे एका अवजारात’ असे लिहिलेले असते. ते किती दिवस टिकेल, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. अवजार मोडले तर पैसे वाया जातात, हे खरे. पण पाते अचानक मिटले तर बोटच कापले जाते. म्हणून त्याचा टिकाऊपणा तपासणे हा केवळ हौसेचा विषय उरत नाही.

अवजारांच्या टिकाऊपणाचा शास्त्रशुद्ध विचार करण्याची भोपाळला चांगली परंपरा आहे. 1976 साली येथे केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. 1981 मध्ये सुरू झालेली प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा 2007 पासून प्रगत पदार्थ व प्रक्रिया संशोधन संस्था, अर्थात ‘अँप्री’ या नावाने ओळखली जाते. धातूची झीज हा तिच्या अभ्यासाचा एक जुना विषय. कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा हे साध्या हातअवजारात विचारपूर्वक केलेल्या सुधारणेचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या पात्याला दाते आहेत, त्यामुळे त्याला साध्या विळ्यासारखी वारंवार धार लावावी लागत नाही. मुठीजवळचा बाक हाताला इजा होऊ नये यासाठी दिला आहे. अवजार किती कापते याबरोबरच ते किती काळ कापते आणि हाताला किती सुरक्षित आहे, हे प्रश्न त्यामागे आहेत. खिशातल्या अवजारालाही हेच तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न पोलादाचा. ज्या पोलादात क्रोमियम किमान 10.5 टक्के असते, त्याला ‘स्टेनलेस’ म्हणतात. तेवढ्यावरून त्याची धार टिकेल असा अर्थ निघत नाही. धार टिकते ती कार्बनच्या प्रमाणावर आणि पोलाद तापवून ‘पाणी देण्याच्या’ प्रक्रियेवर. घरातील भांड्यांचे 304 जातीचे पोलाद गंजाला चांगले तोंड देते, पण पाणी देऊन ते कठीण होत नाही. स्वस्त पात्यांत बहुधा 420 किंवा 3सीआर13 या जातींचे पोलाद असते. त्यात कार्बन कमी, साधारण पाव ते एक तृतीयांश टक्का. ते गंजत कमी आणि सहाणेवर लवकर धरते, पण धार तितक्याच लवकर जाते. याला फसवणूक म्हणता येणार नाही. ती किमतीतली तडजोड आहे. फसवणूक होते ती पाणी नीट न देता माल विकला जातो तेव्हा.

कठीणपणा मोजण्याची रूढ पद्धत रॉकवेलची. तिच्या ‘सी’ श्रेणीत हिऱ्याचे टोक 150 किलो भाराने धातूवर दाबतात आणि ते किती आत गेले यावरून अंक काढतात. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंत पात्याचा कठीणपणा 56, करवत व कात्रीचा 53, पेचकसाचा 52 आणि स्प्रिंगचा 49 असा ठेवलेला असतो. हा उतरता क्रम मुद्दाम राखलेला आहे. पात्याला कठीणपणा हवा. पेचकसाला पीळ सोसायचा असल्याने चिवटपणा हवा. स्प्रिंगला लवचीकपणा हवा. स्वस्त अवजारात अनेकदा सगळे भाग एकाच पत्र्यातून कापून एकाच रीतीने तापवलेले असतात. मग पाते बोथटते, नाहीतर पेचकसाचे टोक तुकडा पडून मोडते.

घरात हिऱ्याचे टोक नसते, पण कानस असते. चांगली कानस पेचकसाच्या कडेवर हलकेच फिरवावी. ती घसरली तर धातू कठीण आहे. लोण्यात रुतावी तशी रुतली तर तो मऊ आहे. चुंबक चिकटला म्हणजे पोलाद उत्तम, हा समज मात्र सोडून द्यावा. पाणी घेणारे पोलाद चुंबकाला चिकटते हे खरे, पण साधे लोखंडही चिकटतेच.

दुसरी परीक्षा जोडांची. रोजच्या वापरात अशी अवजारे बहुतेकदा पात्यापेक्षा खिळीपाशी दगा देतात. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. जबड्यांच्या टोकांतून प्रकाश दिसला तर बारीक तार तिच्यात धरली जाणार नाही. मूठ उघडून डावी-उजवीकडे हलवावी. नव्या अवजारातच खुळखुळ असेल तर महिन्याभरात ती वाढेल. पाते उघडून खटका लागल्यावर, बोटे मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर दाबावी. खटका सुटला तर त्या पात्याने काही कापूच नये.

तिसरी परीक्षा हवामानाची, आणि इथे भोपाळ व गोवा वेगळे पडतात. भोपाळला वर्षाला सुमारे 1100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. तिथे जोडांत धूळ शिरते आणि तेल सुकते. गोव्यात पाऊस त्याच्या अडीचपट, शिवाय हवेत खार. प्रयोगशाळेत गंजाची परीक्षा घेताना 5 टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा 35 अंश सेल्सिअस तापमानात अवजारावर मारत राहतात. घरी कच्ची कैरी कापून पाते तासभर न पुसता ठेवावे आणि मग भिंगातून पाहावे. वरचा डाग पुसला गेला तर चिंता नाही. बारीक खड्डे दिसले तर गंज आत शिरू लागला आहे. खिळी आणि स्प्रिंगा आधी तपासाव्यात, कारण पाते स्टेनलेस असले तरी हे भाग अनेकदा साध्या पोलादाचे असतात. महिन्यातून एकदा अवजार धुऊन, कोरडे करून, जोडांत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला तर त्याचे आयुष्य निश्चित वाढते.

या परीक्षा एका दिवसात संपत नाहीत. साध्या वहीत तारीख, केलेले काम आणि दिसलेला दोष इतके लिहिले तरी तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होते. कागद सरळ कापला जाणे कधी थांबले, पेचकस स्क्रूच्या खाचेतून कधी निसटू लागला, खटका कधी सैल झाला, या नोंदी वेष्टनावरील दाव्यांपेक्षा बोलक्या असतात. हिशेबही त्यातूनच निघतो. समजा, 500 रुपयांचे अवजार सहा महिने टिकले आणि 2000 रुपयांचे पाच वर्षे. तर पाच वर्षांत स्वस्त अवजारावर 5000 रुपये खर्च होतील. उलट, वर्षातून चार-पाच वेळाच पाकीट फोडणे किंवा पेच आवळणे असेल, तर तेच 500 रुपयांचे अवजार पुरेसे आहे. दुरुस्तीवर पोट असलेल्या कारागिराने मात्र पक्कड आणि पेचकस वेगवेगळेच घ्यावेत.

काही मर्यादा परीक्षेआधीच ठरलेल्या असतात. धातूची मूठ 230 व्होल्टच्या विजेपासून संरक्षण देत नाही. त्यामुळे चालू तारेजवळ असे अवजार नेऊ नये. विमानप्रवासात पाते असलेले अवजार हातातल्या पिशवीत चालत नाही, ते सामानात द्यावे लागते. आणि पाते तरफ म्हणून वापरले तर महागातले पोलादही मोडते. अवजार स्वस्त असण्यात गैर काही नाही. त्याच्याकडून कोणते काम घ्यायचे नाही, हे मात्र ते खिशात टाकण्यापूर्वीच ठरलेले असावे.