कागदात कापलेलं खूळ

मागची बाजूच नसलेले किल्ले, दगडाचं अननस आणि जमीनदोस्त झालेले महाल. एड क्लूझ हा ब्रिटिश कलाकार अशा इमारती कागद कापून पुन्हा उभ्या करतो. त्याच्या कामाची आणि या अजब इमारतींची ही ओळख. त्यातली एक इमारत थेट आपल्या कोकणाशी नातं सांगते!

समजा, समोरच्या टेकडीवर एक किल्ला दिसतोय. मधोमध कमानीचा दरवाजा, दोन्ही बाजूंना गोल बुरूज, टोकांना चौकोनी मनोरे. तुम्ही धापा टाकत वर चढता, दरवाजातून आत जाता आणि... मागे काहीच नाही. नुसतं गवत. किल्ल्याला फक्त पुढची भिंत आहे, फिल्मसिटीतल्या सेटसारखी.

पण हा सेट नाही. इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या वर ‘शॅम कॅसल’, म्हणजे खोटा किल्ला, १७६२ पासून असाच उभा आहे. राल्फ ॲलन या गृहस्थाने टपालाच्या कंत्राटांतून आणि दगडाच्या खाणींमधून रग्गड पैसा कमावला होता. शहरातल्या आपल्या घरातून समोरचा डोंगर जरा बरा दिसावा, म्हणून त्याने ही भिंत बांधून घेतली. राहायला नाही, लढायला नाही, फक्त बघायला.

अशा इमारतींना इंग्रजीत ‘फॉली’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ मूर्खपणा. आपल्याकडे यासाठी ‘खूळ’ हा शब्द एकदम फिट बसतो. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या खेडोपाडी, विशेषतः अठराव्या शतकात, जमीनदारांनी अशी खुळं हौसेने उभी केली. मुद्दाम पडके बांधलेले चर्च, कुठेच न जाणाऱ्या कमानी, उगाचच उभे मनोरे. एड क्लूझ रमतो तो नेमक्या याच दुनियेत.

आधी रंग, मग ब्लेड

एड यॉर्कशायरच्या ग्रामीण भागात वाढला. जुने अवशेष, मनोरे, मोठाली घरं हा त्या भागाच्या रोजच्या दृश्याचाच भाग. पुढे त्याने विंचेस्टर स्कूल ऑफ आर्टमध्ये कलेचं शिक्षण घेतलं. तो प्रिंट करतो, कापडासाठी डिझाइन करतो, पुस्तकांसाठी चित्रं काढतो. पण त्याची खरी ओळख म्हणजे कागदाचे कोलाज.

पेपरकट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो एकच कागद, त्यात कापलेली नाजूक नक्षी. रांगोळीचा छाप किंवा आकाशकंदिलाची कापलेली झालर आठवा. त्यात एक अट असते. कागदाचा प्रत्येक तुकडा दुसऱ्याला कुठेतरी जोडलेला हवा, नाहीतर नक्षी गळून पडते. एडचं काम थोडं वेगळं आहे. तो आधी कागद रंगवतो, मग त्यातून भिंती, खांब, खिडक्या, कळस कापतो आणि थरावर थर चिकटवत इमारत उभी करतो. एकेक तुकडा जागेवर बसवत जाण्याचं हे काम गवंड्याच्या कामाच्या बरंच जवळचं वाटतं.

त्याच्या बऱ्याच चित्रांत मागे गडद आभाळ असतं आणि पुढे एकच इमारत, जणू नाटकाचा पडदा नुकताच वर गेलाय आणि स्पॉटलाइट तिच्यावर पडलाय. माणसं सहसा नसतात. त्यामुळे चित्र सुंदर दिसतं आणि थोडं भीतीदायकही.

फॉली आणि पेपरकट यांची जोडी इतकी छान का जमते? कारण दोघांचा जीव बाह्यरेषेत आहे. फॉली बांधणाऱ्याला आतल्या खोल्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं. लांबून, संध्याकाळच्या उजेडात, टेकडीच्या कडेवर तिचा आकार कसा दिसेल, एवढंच तो बघायचा. आणि गंमत म्हणजे त्याच अठराव्या शतकात युरोपात काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची कड कापून घेण्याची फॅशन आली. फोटो नव्हते, रंगीत पोर्ट्रेट परवडायचं नाही, मग हा स्वस्तातला पर्याय. एतिएन द सिलुएत या फ्रेंच अर्थमंत्र्याच्या नावावरून त्याला ‘सिल्हूट’ म्हणायला लागले. थोडक्यात, माणसं कागदात आकार होत होती आणि इमारती डोंगरावर आकार होत होत्या.

प्रत्येक खुळामागे एक कारण

यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमध्ये एडचं ‘शीअर फॉली’ नावाचं प्रदर्शन झालं होतं. विषय अर्थातच ब्रिटनमधल्या विक्षिप्त इमारती. अशा इमारती नुसत्या फोटोत बघितल्या तर हसू येतं. पण त्यांच्या कहाण्या शोधायला लागलं की लक्षात येतं, यातलं प्रत्येक खूळ बिनकामाचं नाही.

नॉर्थहॅम्प्टनशायरमधलं रश्टनचं ‘ट्रँग्युलर लॉज’ घ्या. थॉमस ट्रेशम याने ते १५९० च्या दशकात बांधलं. तीन बाजू, प्रत्येक बाजू ३३ फूट ४ इंच, तीन मजले, प्रत्येक बाजूला प्रत्येक मजल्यावर तीन खिडक्या. हा तीनचा हट्ट कशासाठी? ट्रेशम कॅथलिक होता आणि राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं म्हणजे दंड आणि तुरुंग. त्यानेही अनेक वर्षं कैद भोगली. उघड बोलता येत नाही, तेव्हा त्याने आपली ‘ट्रिनिटी’वरची, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रयीवरची श्रद्धा दगडात कोड करून ठेवली.

स्कॉटलंडमधलं ‘डनमोर पाइनॅपल’ म्हणजे शुद्ध शो-ऑफ. बागेतल्या घराच्या डोक्यावर सुमारे १४ मीटर उंचीपर्यंत गेलेलं दगडी अननस! तेव्हा ब्रिटनमध्ये अननस हे दुर्मीळ आणि महागडं फळ होतं. थंड देशात काचघरं तापवून ते पिकवणं हा श्रीमंतीचा पुरावा. पण कारागिरी बघा. दगडाचं प्रत्येक पान असं घडवलंय की त्यावर पाणी साचत नाही. साचलं असतं तर थंडीत गोठून दगड फुटला असता. आज ही इमारत लँडमार्क ट्रस्ट सांभाळतो आणि सुट्टीसाठी चक्क भाड्याने देतो.

आयर्लंडमधल्या ‘कॉनोलीज फॉली’ची गोष्ट मात्र हसवत नाही. कमानींवर उभा केलेला हा सुमारे १४० फुटी सुळका १७४० च्या सुमाराचा. आदल्या हिवाळ्यात भयानक थंडीने पिकं गेली होती, लोक उपाशी होते. कॅथरीन कॉनोली या जमीनदारीणबाईंनी लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेली दुष्काळी कामं आठवतात ना, तसंच. नाव ‘मूर्खपणा’, पण त्यातून चुली पेटल्या.

लंडनमधला ‘सुवर्णदुर्ग’

आता ती कोकणवाली गोष्ट. आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या झाडीत त्रिकोणी आकाराचा, कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज असलेला ६३ फूट उंच मनोरा आहे. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. हळू वाचा. सेव्हर्न-ड्रूग. सुवर्ण-दुर्ग! दापोलीजवळ हर्णैच्या समुद्रात उभा असलेला आपला सुवर्णदुर्ग.

१७५५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्स याने तुळाजी आंग्र्यांकडून हा जलदुर्ग जिंकला. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते आणि किल्ला पुढे त्यांच्याकडेच गेला. जेम्स श्रीमंत होऊन मायदेशी परतला, कंपनीचा चेअरमन झाला आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने, लेडी जेम्सने, रिचर्ड जप या वास्तुरचनाकाराकडून १७८४ मध्ये हा मनोरा बांधून घेतला. नवऱ्याचं स्मारक म्हणून. मधल्या काळात तो बरीच वर्षं बंद पडला होता. लोकांनी खटपट करून तो वाचवला आणि दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये तो पुन्हा खुला झाला.

म्हणजे एकाच नावाच्या दोन वास्तू. एक शोभेची, लंडनच्या झाडीत. दुसरी खरीखुरी, अरबी समुद्राच्या लाटा झेलणारी आणि २०२५ पासून मराठा लष्करी वास्तूंसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली. लंडनच्या मनोऱ्याचा आकार कागदात कापला तर तो देखणाच दिसेल. पण त्या आकारात आंग्रे कुठे आहेत? पेपरकटमध्ये जेवढं महत्त्व उरलेल्या कागदाला असतं, तेवढंच कापून टाकलेल्या भागालाही असतं. ऐतिहासिक इमारतींचंही तसंच आहे. त्यांनी दाखवलेलं आपण बघतो. गाळलेलं शोधावं लागतं.

पडलेल्या घरांचा अल्बम

एडच्या कामातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग आहे ‘द लॉस्ट हाउस’. २०१७ मध्ये ‘द लॉस्ट हाउस रीव्हिजिटेड’ हे त्याचं पुस्तक आलं. त्यात आता अस्तित्वातच नसलेली ब्रिटनमधली भव्य घरं आहेत. काही जळाली, काही कोसळली, काही मालकांनीच पाडली. आता ती फक्त जुन्या चित्रांत आणि वर्णनांत सापडतात. त्यावरून तो ती कागदात पुन्हा उभी करतो.

अशा हरवलेल्या घरांमधलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे फॉन्टहिल ॲबी. विल्यम बेकफर्ड या गर्भश्रीमंत लेखकाने १७९६ मध्ये ते बांधायला घेतलं. चर्चसारखं घर आणि मधोमध सुमारे ८४ मीटर उंचीचा मनोरा. त्याला इतकी घाई होती की मनोरा बांधकाम चालू असतानाच कोसळला, मग पुन्हा बांधला. पैसा कुठून आला? जमैकातल्या उसाच्या मळ्यांमधून, जिथे गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन लोक राबत होते. पुढे बेकफर्डचं उत्पन्न आटलं. १८२२ मध्ये घर जॉन फार्कर याने विकत घेतलं आणि त्याचा पैसा होता बंगालमधल्या बंदुकीच्या दारूचा! तीनच वर्षांत, १८२५ मध्ये, मनोरा कायमचा कोसळला. आज तिथे एक छोटासा भाग शिल्लक आहे.

विसाव्या शतकात तर ही पडझड प्रचंड वाढली. वारसा कर, महायुद्धं, न परवडणारी देखभाल अशी अनेक कारणं. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने नष्ट झालेल्या अशा हजारावर घरांवर प्रदर्शन भरवलं. वारसा वाचवण्याच्या तिथल्या चळवळीत ते मैलाचा दगड मानलं जातं. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, ‘रेकॉर्डिंग ब्रिटन’ प्रकल्पात कलाकारांना चक्क पैसे देऊन गावं, चर्च, जुनी घरं रंगवायला पाठवलं होतं. बॉम्ब पडायच्या आत चित्रात तरी उरू देत म्हणून. एडचं काम याच परंपरेतलं, फक्त तो इमारत गेल्यानंतर पोचतो.

इथे एक प्रश्न पडतो. गुलामांच्या घामावर बांधलेलं घर पडलं, तर हळहळायचं कशाला? मला वाटतं, हळहळ हा मुद्दाच नाही. इमारत गेली की तिचं वैभव जातं, तशी तिच्याविरुद्धची साक्षही जाते. फॉन्टहिलचा आकार कागदावर पुन्हा दिसला, म्हणूनच आपण विचारतो की हे कुणी बांधलं, कुणाच्या जिवावर आणि पडलं का. दगडाला जे जमलं नाही, ते इथे कागद करतोय.

करून बघायचंय?

इमारत निवडा. ती प्रसिद्ध असायची गरज नाही. गावाची वेस, देवळातली दीपमाळ, घड्याळाचा मनोरा, बंद गिरणीची चिमणी, कॉलेजची जुनी बिल्डिंग. आकार ओळखता आला पाहिजे, बस.

सूर्य इमारतीच्या मागे असताना फोटो काढा. मोबाइलमध्ये ब्राइटनेस खाली आणला की इमारत काळी दिसेल. हेच तुमचं सिल्हूट.

जाडसर कागदाच्या मागच्या बाजूला आकार ट्रेस करा. म्हणजे पेन्सिलच्या रेघा पुढून दिसणार नाहीत. फक्त चित्र उलटं होणार, हे लक्षात ठेवा.

आधी आतल्या खिडक्या आणि बारीक जागा कापा, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. वळणावर हात फिरवण्यापेक्षा कागद फिरवा. खाली कटिंग मॅट हवीच. ब्लेड बोथट झालं की लगेच बदला आणि दुसऱ्या हाताची बोटं ब्लेडच्या वाटेत ठेवू नका.

शेवटचं काम मोबाइल बाजूला ठेवून करायचं. त्या इमारतीच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या आजी-आजोबांना गाठा. ती कुणी बांधली, तिथे कोण राबलं, कोण राहिलं, आता काय होणार आहे, ते विचारा आणि कागदाच्या मागे लिहून ठेवा. आकार तुम्ही कापालच. त्यातून जे निसटलं, ते त्या मागच्या बाजूला मावेल.