कोपराचा अस्थिभंग आणि शिक्षकाचे कर्तव्य

मधल्या सुट्टीत झाडावरून किंवा ओट्यावरून पडलेले मूल हात छातीशी धरून रडत येते. कोपर सुजलेले असते. अशा वेळी ‘मुरगळले असेल’ असे समजून तेल चोळणे अथवा हात ओढून पाहणे अत्यंत घातक होय.

पडताना मूल हात पुढे टेकते व शरीराचा भार कोपरावर येतो. दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर पातळ असल्याने तेथे मोडते. मुलांच्या कोपराच्या अस्थिभंगांत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. हाताची मुख्य रक्तवाहिनी तेथूनच जाते. सुजलेल्या कोपरावर कामट्या घट्ट बांधल्यास रक्तप्रवाह खुंटतो, काही तासांत स्नायू मरू लागतात आणि बोटे कायमची आखडतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले.

शिक्षकांनी पुढीलप्रमाणे वागावे :

(१) हात ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, पुठ्ठ्याचा आधार देऊन, सैल झोळीत ठेवावा.

(२) बांगडी, कडे, अंगठी त्वरित काढावी.

(३) मनगटाची नाडी, बोटांची ऊब व रंग पाहावा. अंगठा व तर्जनी जुळवून वाटोळे करता येते का, हे पाहावे. न आल्यास मज्जातंतूस इजा झाली असण्याचा संभव असतो.

(४) भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने खाण्यापिण्यास काही देऊ नये.

(५) पालकांस कळवून मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. बोटे थंड वा पांढरी पडल्यास क्षणाचाही विलंब करू नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

मुलांच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा असल्याने तो क्ष-किरण चित्रात उमटत नाही; म्हणून डॉक्टर प्रसंगी दुसऱ्या कोपराचेही चित्र घेतात. हाड सरकले नसल्यास सुमारे तीन आठवडे प्लास्टर पुरते. सरकले असल्यास भूल देऊन ते जागी बसवितात व बारीक तारांनी स्थिर करतात. तीन-चार आठवड्यांनी तारा काढतात.

प्लास्टर घातल्यावर वेदना वाढत गेल्या किंवा बोटे सरळ करताना असह्य कळ आली, तर मुलास त्याच वेळी परत न्यावे. प्लास्टर निघाल्यावर कोपर ताठ वाटते; ते चोळू वा ओढू नये. मुलाच्या नित्याच्या हालचालींनी ते हळूहळू मोकळे होते.

हाड बसविण्याचे काम डॉक्टरांचे आहे. तोपर्यंत त्या हातास अधिक इजा होऊ न देणे, एवढे शिक्षकाने केले तरी तो हात पुढे पाटीवर अक्षर गिरवील.