पाहणारा कोणी नसता

उत्तरपत्रिका तपासताना आम्हांस पुष्कळदा वाटते, पाहणारा कोणी नसता हा मुलगा काय करील? आपल्या निडीच्या मुलुखातील, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे यांनी १९१६ साली आपली प्रशस्तिपत्रे जाळली, ही गोष्ट मुलांस फार आवडते. (जाळण्यास आधी ती मिळवावी लागतात, हे ती विसरतात!) आम्हांस पुढील गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९१७ साली गांधीजींकडून वर्षाची रजा घेऊन ते वाईस संस्कृत शिकावयास गेले. तेथे आश्रमाचा पहारा नव्हता. तरी काय वाचले, किती चाललो, काय खाल्ले, कोणती व्रते पाळली, याचा हिशेब त्यांनी पत्राने कळविला आणि मुदत सरताच ते आश्रमात हजर झाले.

पालकहो, निकालपत्रकाबरोबर असा एक कागद मुलाकडून लिहवून घ्यावा. त्यात ‘हे मला आले नाही’ असे वाक्य आढळल्यास रागावू नये.